काहिलीतून सांगलीला

१२ नोव्हेंबर १९४५, शिराळा

दिवाळी सरली, दवाखाना परत भरला. खरूज, हिवताप, एक विंचू. डॉक्टर मंगळवारी इस्लामपूरहून येतात तेवढेच. इतर दिवशी मी. लोकांना सवय झालीय. “नर्सबाई हायत न्हवं, मग झालं.”

दु. शेवटी एक पलटणीतला माणूस. नदीपलीकडच्या वाडीचा, शंकर मोहिते, नाईक. ब्रह्मदेशात डावा पाय गेला, गुडघ्याखालून. पुण्यात लाकडी पाय बसवून दिलाय, तो घासून खुंट सोललाय. आठ दिवस तो पाय लावायचा नाही म्हणून बजावलं. तर म्हणतो, “मग चालू कशावर?” कुबडी घे म्हटलं.

ड्रेसिंग करताना हूं की चूं नाही. फक्त बाकाची कड धरून ठेवली होती.

१६ नोव्हेंबर

मोहिते ड्रेसिंगला. कुबडी घेऊन आला. चार माणसं असली की मान खाली घालून बसतो, आज कोणी नव्हतं तर बोलला.

डोंगरावरच्या ठाण्यात होते. पाय सुरुंगावर पडला. खाली यायला एकच खेचराची वाट, ती जपान्यांनी अडवलेली. साहेबानं बिनतारीवरून कळवलं. “अन् दुसऱ्या दिशी आलं, बाई.”

“काय आलं?”

“इमान. पन त्याला पंख न्हाईत. डोक्यावर ह्यो एवढा पंखा. हवंत जाग्यावर उभं ऱ्हातं. घार कशी उभी ऱ्हाती, तसं. उतराया जागा किती लागावी? खळ्याएवढी. पोरांनी झाडं तोडून खळं केलं, त्यात अलगद बसलं.”

ताप किती होता तेव्हा, विचारलं. लय होता म्हणाला. मी पट्टी बांधत राहिले. तापात माणसाला काय काय दिसतं, मी रोज ऐकते. पण त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि ओळखलं.

“तुमाला बी पटंना.”

गावात त्याला ‘इमानवाला’ म्हणतात, हे नंतर कंपाउंडरनं सांगितलं. पारावर बसला की पोरं विचारतात, आज कुठलं इमान धरणार?

२७ नोव्हेंबर

डॉक्टर आले होते. सहज म्हणून मोहितेची हकिगत सांगितली. वाटलं हसतील. हसले नाहीत. इंग्रजी पेपरात वाचलंय म्हणाले. अमेरिकनांनी ब्रह्मदेशात तसली थोडी यंत्रं आणली होती, जखमी उचलायला. हेलिकॉप्टर म्हणतात त्याला.

दिवसभर उगाच अपराध्यासारखं वाटत राहिलं.

३० नोव्हेंबर

खुंट सुकतोय. मोहितेला म्हटलं, तुझं विमान खरं आहे, डॉक्टरांनी वाचलंय. हेलिकॉप्टर नाव त्याचं.

त्यानं कुबडी भिंतीला टेकवली. मग, “आयला, नाव बी हाय व्हय त्याला.” आणि हळूच दोनतीनदा म्हणून बघितलं. हेलकाप्टर. हेलकाप्टर. जाताना दारातून वळून परत विचारून घेतलं.

१४ जानेवारी १९४६. संक्रांत

दु. दोनपासून गल्लीत बायकांची ये-जा. जरीचे काठ, बांगड्या, हसणं. माझ्या दारावरूनच जावं लागतं, वाटच तशी आहे. काही जणी ‘बाई, बरं ना?’ म्हणतात. ह्यातल्या निम्म्या जणींची पोरं माझ्या हातात जन्मली. विधवेला हळदीकुंकवाला कोण बोलावणार. त्याचं काही नाही, आता खरंच काही नाही. दार लावून घ्यावं की उघडं ठेवावं एवढंच दरवर्षी ठरत नाही.

उघडं ठेवलं. तर पाचच्या सुमाराला एक पोरगी आत आली. चापूनचोपून नेसलेली, भिजलेली पावलं, नदी उतरून आलेली. “मी हौसा. मोहित्यांची. इमानवाल्याची.” शेवटचं म्हणताना स्वतःच हसली. पदराच्या गाठीतून तिळगूळ काढून हातावर ठेवला आणि पायाला हात लावला.

मग खरं कारण. पाळी चुकलीय. तपासलं. तिसरा महिना. कुणाला सांगायचं ते कळेना म्हणून इथं आली. आई नाही. उंब्रजकडं माहेर, पण तिथं आता फक्त सावत्र भाऊ. सासूला सांगायची लाज.

चहा केला तिला. माझ्या घरात दोन कप आहेत. दुसरा धुऊन घ्यावा लागला.

२० फेब्रुवारी

मोहिते आणि हौसा दोघं. तो बाहेर ओट्यावर. हौसाला उलट्या थांबल्या, रक्त कमी आहे. पालेभाजी, गूळ-शेंगदाणे खा म्हणून सांगितलं.

तो आज मोकळा होता. म्हणाला, त्या विमानात पायलटशेजारी एकच माणूस मावतो. वर उचललं तेव्हा पायाचं दुखणं विसरून एकच घोर लागला होता, ह्याचं भाडं किती आणि ते कुणाच्या पगारातून कापणार. आसामात मोठ्या दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर हवालदाराला विचारलंच. हवालदार पोट धरून हसला. म्हणाला, “येड्या, तू सरकारचा माल हायस. सरकार आपला माल आपल्या खर्चानं नेतंय.” तरी सहा-सात महिने पगार हातात पडला की आधी मोजून बघायचा.

हौसा आतून ऐकत होती. हसता हसता म्हणाली, “आन् आमी कुनाचा माल वो, बाई?”

तिघंही हसलो.

९ मार्च

दादाचं कार्ड वाईहून. सर्व क्षेम. वहिनीचे गुडघे. घाटावर गर्दी वाढली. मी कशी आहे हे विचारायला जागा उरली नसावी, कार्ड भरलं होतं.

२४ मार्च

मोहिते एकटाच आला. खुंट बरा आहे, कामही काही नव्हतं. बसला. उंब्रजला जाऊन आला म्हणाला. हौसाच्या भावाकडं नाही. तुकाराम म्हणून त्याच्याच सेक्शनमधला, त्याच्या आईला भेटायला.

त्या दिवशी डोंगरावर दोघं पडले होते, हा आणि तुकाराम. साहेबानं ह्याला आधी चढवलं कारण ह्याचं रक्त थांबत नव्हतं. तुकारामाला पुढच्या खेपेला नेणार होते. यंत्र तापलं, त्याला थंड व्हावं लागतं, दुसरा दिवस उजाडला. तोवर तुकाराम गेला. पोटात लागलं होतं, बाहेरून दिसत नव्हतं.

“म्हातारीनं जेवायला वाढलं. मग ईचारलं, माझ्या लेकासाठी का न्हाई आलं रं त्ये? मी काय सांगनार? जागा एकच हुती म्हनून सांगितलं.”

“मग?”

“मग काय. आनिक भाकरी वाढली.”

डोळ्यांत घालायचं औषध मागायला एक म्हातारी आली म्हणून बरं झालं.

११ मे

उन्हानं पत्रा तापतो, दुपारी दवाखान्यात बसवत नाही.

हौसाला सातवा पुरा होत आला. पोट तपासलं, मूल आडवं वाटतं. अजून वेळ आहे, फिरतं पुष्कळदा. तिला काही बोलले नाही. डॉक्टरांना दाखवायला मंगळवारी बोलावलं.

१४ मे

डॉक्टरांचंही तेच मत. थांबून बघू. नाहीच फिरलं तर सांगलीला न्यावं, तिथं ऑपरेशनची सोय आहे. पावसाच्या आत.

हौसा: “सांगली कुठं ऱ्हायली! मी तर इस्लामपूर बी बघितलं न्हाई.”

१० जून

अजून आडवंच. आज सासूला बोलावून स्पष्ट सांगितलं, येत्या आठवड्यात हलवा. ती वाईट बाई नाही. “व्हय बाई, नेऊ की. एवढी पेरनी झाली की बैलं मोकळी हुतील.” शंकर म्हणाला, आधी हिला नेतो. मग दोघांचं काय ठरलं कळलं नाही. सांगलीत उतरायचं कुठं, महिनाभर राहायचं कुणाकडं, हाही प्रश्न आहेच.

माझी सांगलीत ओळख नाही. कुठल्याच गावात नाही म्हणा.

२६ जून

पाऊस लागला तो थांबत नाही. मोरणा नदी लाल झालीय. वाडीकडचं माणूस आलं नाही आज.

९ जुलै

मंगळवार असून डॉक्टर नाहीत, रस्ता बंद. पलीकडून ओरडून निरोप आला की हौसा बरी आहे, पाण्याला उतार पडला की गाडी जुंपतो. नदीकाठी जाऊन उभी राहिले. पलीकडे शंकर कुबडीवर. दोघंही हात वर करून परतलो.

१९ जुलै, सांगली

दोन दिवसांनी लिहिते आहे. दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून. हात अजून भरून आलेले आहेत.

बुधवारी सकाळी चहा ठेवला होता तेव्हा वाडीचे दोघे पोहून आले. अंगाला भोपळे बांधलेले. “बाई, हौसाचं पोट दुखाया लागलंय कालधरनं. सुईन म्हनती हात भाईर आलाय.”

हात. ते ऐकल्यावर बाकी काही विचारायचं राहत नाही.

पिशवी घेतली आणि त्यांच्याबरोबर निघाले. मला पोहता येत नाही. उसाच्या गुऱ्हाळातली काहील त्यांनी पाण्यात सोडली होती, रस उकळायची ती मोठी लोखंडी. तिच्यात बसवलं आणि काठावरचे आणखी दोघे धरून चौघांनी दोन बाजूंनी पोहत ढकलत नेलं. डोळे मिटून घेतले. मिटले तरी पाणी कळत होतंच.

हौसा शुद्धीत होती. मुलाचा उजवा हात बाहेर, निळा पडलेला. त्याच्या छातीचे ठोके अगदी बारीक लागले, किंवा लागले असं मला वाटलं. म्हातारी सुईण कोपऱ्यात बसलेली, तिनं ओढाओढ केली नव्हती, तेवढं नशीब. मी इथं काही करू शकत नाही, हे मला एका मिनिटात कळलं. ते तोंडानं म्हणायला जास्त वेळ लागला.

बाहेर आले. शंकर अंगणात भिजत उभा. म्हटलं, सांगली. आत्ता.

त्यानं आधी आभाळाकडं बघितलं. मग माझ्याकडं. “तार करू का पलटनीला, बाई? हितं खळं हाय. चार मानसांत आत्ता साफ हुतंय.”

मला ठाऊक होतं काही येणार नाही. त्यालाही असावं. तरी माझ्या चिठ्ठीच्या कागदावर इंग्रजीत मजकूर लिहून दिला. बायको अडलेली, नदीला पूर, विमान पाठवा. त्याचं नाव, नंबर, पलटण. एकजण ती पागोट्यात घालून पोस्टाकडं पोहत गेला. त्याच्यापुढं मी नाही कसं म्हणणार होते? त्याच्यासाठी एकदा आलं होतं.

हौसाला घोंगडीत गुंडाळून काहिलीत निजवलं. तिच्या पायाशी मी. तिसरं माणूस घेतलं तर काठ पाण्याशी येत होता. शंकर कुबडी टाकून बसायला निघाला, तर पोहणाऱ्यांतला थोरला ओरडला, “शंकऱ्या, बुडवशील रं समद्यांस्नी!” तो मागं सरला. काठावर चिखलात बसूनच राहिला. नदीच्या मध्यावर असताना त्यानं हाक मारली. हौसाला, की मला, पाण्याच्या आवाजात समजलं नाही.

ह्या काठाला बाजेवर घेऊन मोटारीपर्यंत. सर्व्हिस मोटार उभी होती पण बंद. लढाईतल्या पेट्रोलटंचाईपासून ती कोळशाच्या गॅसवर चालते, आणि कोळसा सगळा भिजलेला. इस्माईल ड्रायव्हर म्हणाला, मालकानं एक डबा पेट्रोल ठेवलंय, कूपनाचं, साहेब लोकांचा दौरा असला तर. मालक कराडला. फौजदाराकडं माणूस धाडला तर सरकारी गाडी सरकारी कामालाच, असा निरोप.

इस्माईल बाजेकडं बघत होता. हौसा तेव्हा ओरडत नव्हती. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

“बाई, मी काढतो गाडी. पन पेट्रोल कुनाच्या नावावर? मालक मला ठेवनार न्हाई. कायतरी सही द्या.”

दिली. स्वतःच्या नावाची, हुद्द्यासकट.

पेठ, इस्लामपूर, आष्टा. रस्ता कुठं दिसत होता, कुठं नुसता इस्माईलला ठाऊक होता. एका ओढ्यात चाक रुतलं, शेतातली माणसं न सांगता धावून आली. हौसाचं डोकं माझ्या मांडीवर. आष्ट्याच्या पुढं ती म्हणाली, “बाई, मोटारीत लय बरं वाटतंय.” पहिल्यांदाच बसली होती. मी दिलेल्या इंजेक्शनाची गुंगीही असेल.

कृष्णेचा पूल आला तेव्हा दिवे लागत होते. पाणी पुलाच्या किती खाली आहे ते बघायचं नाही असं ठरवलं होतं.

दवाखान्याच्या दारात कारकुनानं विचारलं, संस्थानची की खालसातली? शिराळा म्हटल्यावर म्हणाला, म्हणजे खालसातली, इंग्रजी मुलखातली. मोफत खाट संस्थानच्या रयतेला, तुमचा खर्च कोण देणार ते लिहा. तेवढ्यात मोठे डॉक्टर आले, बाजेवरची घोंगडी एकदा उचलून बघितली आणि म्हणाले, आधी आत घ्या.

मूल गेलेलं होतं. मुलगा.

हौसा आहे.

२१ जुलै, सांगली

ताप थोडा. जखम स्वच्छ. सकाळी तिनं विचारलं, काय हुतं? मुलगा म्हटलं. भिंतीकडं तोंड करून झोपली. संध्याकाळी दूध प्यायली.

इस्माईल बुधवारी रात्रीच परत गेला. जाताना मोटारीची बैठक धुवायला पाणी मागितलं आणि माझ्याकडं बघून ‘राहू दे, मी करतो’ म्हणाला. मी जाग्यावरून उठलेही नव्हते.

२४ जुलै, सांगली

रात्रीच्या नर्सला माझ्यामुळे अडचण होते म्हणून धर्मशाळेत उतरले आहे. दिवसा हौसाजवळ. मधल्या वेळात घाटावर. पूर बघायला सगळं गाव लोटतं. बायका-पोरं, दाणे विकणारे. सगळे कुणाबरोबर तरी आलेले. पेठेतून हळदीचा वास येतो, ओल्या हवेत जास्तच.

एक बाई जवळ येऊन म्हणाली, तुम्ही कुणाच्या? मी म्हटलं शिराळ्याची. ती म्हणाली, तसं नव्हे, इथं कुणाच्या? दवाखान्यात माणूस आहे म्हटलं. ‘तुमचं?’ ‘हो.’

खोटं बोलले असं वाटलं नाही.

३० जुलै, सांगली

शंकर आला! वाटेनं गाड्या बदलत, काही चालत. खुंट पुन्हा सोललेला. हौसाच्या खाटेपाशी उभा राहिला, ती बघेना. मग तिनंच पदरातून हात काढून त्याची कुबडी धरली. मी बाहेर आले.

व्हरांड्यात म्हणाला, “तारंचं उत्तर आलं न्हाई अजून.”

मोठ्या डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं. गर्भाची पिशवी वाचवली आहे, पुन्हा मूल होईल. पण पुढचं बाळंतपण घरी नाही. दवाखान्यातच. वेळ आली की धावाधाव केलीत तर बाई हाती लागणार नाही.

शंकर: “व्हय साहेब.” हौसा माझ्याकडं बघत होती.

८ ऑगस्ट, शिराळा

परत. नागपंचमीची गर्दी ओसरलीय, रस्त्यात अजून लाह्या आणि चिखल. हौसा वाडीत पोचली, ह्या वेळी गुडघाभर पाण्यातून. दवाखान्याला कंपाउंडरनं कुलूप लावलं नव्हतं हे त्याचे उपकार.

टेबलावर दवाखाना चालवणाऱ्या लोकल बोर्डाचं पत्र. परवानगीशिवाय मुख्यालय का सोडलंत. खाजगी मोटार कुणाच्या हुकमानं घेतलीत. मोटारमालकानं बिल बोर्डाकडं पाठवलंय, माझ्या सहीचं.

२९ ऑगस्ट

पलटणीचं उत्तर आलं, शंकर वाचून घ्यायला आला. इंग्रजी सभ्य आहे. त्याच्या सेवेची जाणीव आहे. दुःख वाटतं. अशी विमानं फक्त लढाईत, कामावरच्या सैनिकांसाठी. आणि तो आता पेन्शनीत. कुटुंबासाठी अशी कोणतीही तरतूद नाही.

मराठीत करून सांगितलं. त्यानं कागद परत मागून घेतला. “त्येंचं बी खरंच हाय.” मग घडी घालता घालता, “माझी एक तंगडी आनाया इमान. अन् आख्खी बाई अन् लेकरू, त्येला काहील.” मोठ्यानं बोलला नाही. शिवी असती तर ऐकायला सोपी होती.

१७ सप्टेंबर

बोर्डाचे साहेब आले होते. म्हातारे, मऊ बोलणारे. चहा घेतला. म्हणाले, बाई, तुमच्याविरुद्ध कुणाची तक्रार नाही. फक्त हा खर्च बसवायचा कुठं? आमच्याकडं औषधं आहेत, पट्ट्या आहेत, इमारतीची दुरुस्ती आहे. पेशंट मोटारीनं न्यायचं म्हणून हिशेबात सदरच नाही. आज एक दिला तर उद्या प्रत्येक वाडीतून मागतील.

मागूदेत की, म्हटलं.

ते हसले. मग म्हणाले, एक करा. मोटार नातेवाइकांनी ठरवली, तुम्ही फक्त साक्षीदार म्हणून सही केली, असं लिहून द्या. तुम्ही सुटाल, बोर्डही सुटेल. नाहीतर तुमची बदली किंवा त्याहून वाईट. सोमवारपर्यंत सांगा.

म्हणजे शंकरनं भरायचं.

नोकरी गेली तर वाई. दादा घेईल घरात. वहिनीही काही बोलणार नाही. माजघराच्या मागची खोली, आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी ती खोली आठवून बघितली. खिडकी कुठल्या बाजूला आहे तेही आठवेना.

२० सप्टेंबर

शंकरला कुठून कळलं कोण जाणे. तडक आला.

“माझं नाव घाला, बाई.”

“नाही.”

“आवं, बायकू माझी.”

“पेशंट माझी.”

“कशापायी हट करताय? तुमाला काय पडलंय आमच्यात?”

हे तो रागानं बोलला, मग ओशाळला. मला राग आला नाही. खरा प्रश्न आहे. बँडेज गुंडाळत बसले.

२३ सप्टेंबर

लिहून दिलं. मोटार मी ठरवली. पेशंट वाचवायला दुसरा उपाय नव्हता. बोर्डाची नोकर म्हणून ठरवली, म्हणून खर्च बोर्डाचा. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा ठरवीन. शेवटचं वाक्य खोडावं असं वाटलं होतं, पण कागद खराब झाला असता.

पोस्टात टाकून घरी आले आणि भूक लागली. बरेच दिवसांनी.

११ ऑक्टोबर

बोर्डाचं काही नाही. इस्माईलला मालकानं काढलं नाही, पण पेट्रोलच्या डब्याला कुलूप घातलंय. डॉक्टर म्हणतात, गप्प आहेत म्हणजे एकतर विसरले किंवा लिहिताहेत.

१९ ऑक्टोबर

दिवाळी तोंडावर. पेशंट कमी. संध्याकाळी हौसा आली, एकटीच, शेतातली वालाची शेंग घेऊन. उंबऱ्यात बसली. तब्येत बरी आहे, अंगावर थोडं मांसही आलंय. दोघींनी मिळून शेंगा सोलल्या. ती कमी बोलते आता. पूर्वीसारखं हसत नाही.

निघताना पाटी उचलली, परत खाली ठेवली.

“बाई, मला परत दीस गेलं तर?”

“जाऊदेत की. डॉक्टर म्हणालेत ना.”

“तसं न्हवं. पानी असंल तवा. मोटार यील का?”

येईल म्हणायला तोंड उघडलं. कुणाची येणार? बोर्डाची, पलटणीची, संस्थानची, सगळ्यांची उत्तरं माझ्या डोळ्यांपुढं. ती माझ्याकडं बघत वाट बघत होती, आणि मी नुसती सालं गोळा करत राहिले.

मग म्हटलं, “सहाव्या महिन्यात माझ्याकडं राहायला ये. इथं. खोली मोकळीच आहे. पावसाच्या आधी आपण दोघी सांगलीला जाऊ. धर्मशाळा मला माहीत आहे.”

“तुमी येशिला?”

“येईन.”

ती आत गेली. खोली बघितली. खाट कुठं टाकायची, चूल किती लांब, असं बघत असावी. बाहेर येऊन पाटी डोक्यावर घेतली आणि गेली.

म्हणाले खरी. तोवर मी इथं असेन की नाही, ते अजून बोर्डाला ठरवायचं आहे. खोलीतले खोके मात्र मघाशीच बाजूला केले.